मालक, गट आणि इतर

आमच्या घराच्या कुलपाची किल्ली दाराजवळच्या कुंडीखाली असायची आणि ही गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती. संगणकाचा पासवर्ड मात्र माझ्या एकट्याच्या डोक्यात होता. चोर आला असता तर पंखा, गॅसची टाकी, कपाटातल्या साड्या सगळं निवांत घेऊन गेला असता. फक्त माझ्या फायली त्याला वाचता आल्या नसत्या. हा बंदोबस्त मी स्वतः केला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची ही गोष्ट. मी हिंगोलीत एका सरकारी कचेरीत लिपिक होतो. नोकरीत राहायचं तर संगणकाचा कोर्स सक्तीचा झाला, म्हणून तीन महिने जाऊन बसलो, पास झालो आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो. कचेरीतल्या बाकीच्यांनी प्रमाणपत्राची नोंद सेवापुस्तकात करून घेतली आणि विषय संपवला. मला मात्र चळ लागला. घरी संगणक आणला, त्यात सीडी राइट करायचा ड्राइव्ह बसवून घेतला आणि एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून लिनक्स चढवलं. विंडोज वापरणाऱ्यांकडे मी तेव्हापासून जरा दयेनं पाहू लागलो. अख्ख्या हिंगोलीत लिनक्सवाला मी एकटाच असेन. त्यामुळे मी चुकलो तर सांगणारं कुणी नव्हतं, आणि कुणी सांगत नाही म्हणजे आपण चुकत नाही, असं मी धरून चाललो.

त्यात आणखी एक हौस म्हणजे संगणकाची भाषा मी मराठी करून घेतली होती. आल्यागेल्याला मी मेनू वाचून दाखवायचो. निम्मे शब्द मराठीत, निम्मे इंग्रजीत आणि जे मराठीत ते कुणा सहृदय माणसानं शब्दकोश मांडीवर घेऊन लिहिल्यासारखे. ते मराठी मला स्वतःला नीट कळायचं नाही, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

बायको हिंगोलीजवळच्या गोरेगावला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. रोज जीपनं जाणं-येणं. लग्नाआधी मराठीत एम.ए. झाली होती, पुढं नोकरी आणि घर यांत दहा वर्षं गेली, आणि मग तिनं एम.फिल.ला नाव घातलं. विषय घेतला हळदीच्या कामातले बायकांचे शब्द. तिचं माहेर शिरड शहापूर. हळद काढायच्या दिवसांत दोन वर्षं ती दर रविवारी तिथं जायची आणि शेतात बायांच्या ओळीत बसून वही भरायची. मधला जेठा गड्डा कोणता, त्याच्या कडेचा बगल गड्डा कोणता, काहिलीतली हळद शिजली का हे काडी टोचून कसं ओळखायचं, असं सगळं. नुसती यादी नव्हती ती. कोणता शब्द गड्यांच्या तोंडी, कोणता बायांच्या, मुकादम समोर आला की बाया कोणता शब्द गिळतात आणि त्याच्या जागी कोणता काढतात, हे तिनं चार प्रकरणांत मांडलं होतं. तिच्या माहेरी किंवा आमच्याकडे तोवर कोणत्याही बाईचं नाव पुस्तकाच्या पाठीवर आलं नव्हतं. हे ती बोलून दाखवायची नाही, पण ग्रंथालयातून आणलेल्या प्रबंधांच्या पाठीवरून बोट फिरवताना मी तिला पाहिलं होतं.

टाइप करायची ती आमच्याच संगणकावर, माझ्या खात्यातून. संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की म्हणायची, "लॉगिन करून द्या." मी पेपर वाचत असलो तर ती थांबायची. तिला स्वतःचं खातं काढून द्यावं हे मला सुचलं नव्हतं अशातला भाग नाही. सुचलं होतं. पण मग तिला माझी गरज उरली नसती. हे आज लिहायला सोपं आहे. तेव्हा मी त्याला सुरक्षितता म्हणत होतो. एका पुस्तकात वाचून मी माझ्या सगळ्या फायली अशा करून ठेवल्या होत्या की माझ्याशिवाय कुणाला उघडताच येऊ नयेत. घरात माणसं दोन. त्यांतला एक मी.

दर महिन्याच्या शेवटी मी सगळ्या फायलींची सीडी करायचो. त्यासाठी लागणारी आज्ञा मासिकात छापून आली होती, ती मी वहीत उतरवून घेतली. तिच्यात आर हे इंग्रजी अक्षर होतं, छोटं. आपल्या देवनागरीत मोठं अक्षर, छोटं अक्षर असा भेदभाव नाही. इंग्रजीत तो आहे हे ठाऊक होतं, पण शाळेत गुरुजींनी एवढंच शिकवलेलं की मोठं अक्षर नावाला आणि वाक्याच्या आरंभी, म्हणजे जिथं मान द्यायचा तिथं. म्हणून मी वहीत आर मोठा काढला. भारदस्त दिसला. चार महिने, चार सीड्या, मी तो मोठाच टाइप करत राहिलो. प्रत्येक सीडी झाली की लगेच उघडूनही पाहायचो. उघडायची. मग तिच्यावर स्केचपेननं तारीख टाकायची आणि कपाटात ठेवायची.

त्या वर्षी खंडेनवमीला बायकोनं विळी, शिलाई मशीन, माझी स्कूटर यांच्याबरोबर संगणकाचीही पूजा मांडली. प्रबंध त्याच्यावर चाललाय म्हटल्यावर ते हत्यारच. चारही सीड्या कव्हरातून काढून तिनं कीबोर्डसमोर ओळीनं ठेवल्या, चकचकीत बाजू वर करून, कारण चकचकीत ती पुढची बाजू असंच कुणालाही वाटेल. प्रत्येकीला हळदी-कुंकवाचं बोट लावलं. मी तिथंच होतो. हात जोडून उभा होतो. पेढाही खाल्ला.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. लोडशेडिंगचे दिवस, वीज दिवसातून इतक्या वेळा जायची की आल्यावरच लक्षात यायचं. त्या दिवशी ती दहा मिनिटांत तीनदा गेली आणि तीनदा आली. त्यानंतर संगणकाच्या पोटातून टकटक असा आवाज सुरू झाला आणि पडदा काळा तो काळाच. हार्डडिस्क गेली होती. प्रबंध द्यायला अकरा दिवस राहिले होते. एक मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती आणि नांदेडच्या मार्गदर्शक बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की दुसरी मिळणार नाही. शब्दांच्या वह्या होत्या, पण वह्यांवरून लिहिलेली प्रकरणं फक्त संगणकात होती. बायकोचा चेहरा उतरला. मी मात्र खुशीत होतो, हे कबूल केलं पाहिजे. माझ्या चार सीड्यांचा दिवस उजाडला होता.

बसस्टँडजवळच्या दुकानातून नवी डिस्क आणली आणि लिनक्स पुन्हा चढवायला बसलो. चढवताना ते एका वापरणाऱ्याचं नाव विचारतं. म्हटलं, पहिला प्रयत्न आहे, फसला तर फसू दे, म्हणून नाव बायकोचं घातलं. आमच्याकडे जोखमीच्या गोष्टी बायकोच्या नावावर करायची पद्धत तशी जुनीच. प्रयत्न फसला नाही. मग दुसरं खातं माझ्या नावाचं काढलं. तिचं तसंच राहू दिलं, पासवर्ड सोपा होता तो तिला सांगूनही टाकला. त्या खात्यात काही नव्हतंच, त्यामुळे उदार व्हायला हरकत नव्हती.

मग माझ्या खात्यात जाऊन पहिली सीडी घातली. फायलींची यादी दिसली. प्रकरण एक, दोन, तीन, चार. बायको मागं उभी होती, तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पहिल्या प्रकरणावर टिचकी मारली आणि पडद्यावर मराठीत वाक्य आलं, की ही फाइल वाचायची तुम्हाला परवानगी नाही.

संगणकानं इतक्या सरळ भाषेत मला पूर्वी काही सांगितलं नव्हतं. हेच इंग्रजीत आलं असतं तर मी चष्मा लावून त्याचा अर्थ लावत बसलो असतो. पण मराठीवर माझा विश्वास बसला नाही. भाषांतर करणारा चुकला असणार, मूळ वाक्य 'सीडी खराब आहे' असं असणार, हे मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. माझ्या घरात, माझ्या संगणकावर, मी केलेल्या सीडीची मलाच परवानगी नाही, असं कसं असेल? चारही सीड्या घालून पाहिल्या. चारही तेच म्हणाल्या.

आता माझ्यातला लिपिक जागा झाला. खंडेनवमीच्या आधी चारही सीड्या उघडत होत्या. खंडेनवमीला चौघींना हळदी-कुंकू लागलं. आता चारही उघडत नाहीत. याहून सबळ पुरावा कोणता? सीडी उजेडात धरली तर पिवळा डाग दिसतही होता. मी बायकोला तो दाखवला आणि वर बोललो, की हळदीवरच्या प्रबंधाला शेवटी हळदच बाधली.

हा विनोद मला फार आवडला. पुढच्या आठ दिवसांत मी तो कचेरीतही दोनदा सांगितला. तिनं वह्यांची पिशवी काढली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी शाळेत जायच्या आधी जुन्या वह्या उघडून ती प्रकरणं हातानं पुन्हा लिहायला लागली.

मी इकडे इलाज सुरू केले. ओल्या कापसानं पुसलं. साबणाच्या पाण्यानं धुतलं. दंतमंजनानं घासलं, मग कुणी म्हणालं मंजन नको, पेस्ट पाहिजे, म्हणून पेस्टनं घासलं. एक सीडी फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्यावर रात्रभर ठेवली. दर इलाजानंतर यादी आधीपेक्षा स्वच्छ दिसायची आणि परवानगी तेवढी नसायची. ज्या दुकानातून डिस्क आणली त्या दुकानदाराकडेही गेलो. त्यानं सीडी उन्हाकडे धरून पाहिली आणि दखनी हिंदीत म्हणाला की साहेब, सीडी तर चांगली आहे, एक डाव माझ्या कम्प्युटरमध्ये टाकून पाहू का? त्याच्याकडे विंडोज होतं. मी म्हणालो, तुमच्या यंत्राला ती दिसायचीसुद्धा नाही. त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पुढं कळलं की त्याच्या यंत्राला ती दिसलीही असती आणि उघडलीही असती, कारण विंडोज असल्या सीडीवर मालकी-बिलकी विचारत नाही.

आणखीही एक वाट होती. लिनक्समध्ये एक प्रशासकाचं खातं असतं, त्याला सगळं उघडतं. तिथून शिरलो असतो तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण माझ्या पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की या खात्यात विनाकारण जाऊ नये, आणि मी पडलो सरकारी नोकर. ठळक अक्षरांत लिहिलेलं मी मोडत नाही.

असे आठ दिवस गेले. बायकोचं हातानं दीड प्रकरण झालं होतं. बोटाला पेनाचा घट्टा पडला होता. बाईंना फोन करून पुढच्या वर्षी देते म्हणून सांगू का, असं तिनं एकदा मला विचारलं. मी म्हणालो, थांब, अजून व्हिनेगर राहिलंय.

नवव्या दिवशी शनिवार होता, तिची सकाळची शाळा. मी दुपारी घरी आलो तर वीज होती आणि ती संगणकासमोर बसून टाइप करत होती. मागून पाहिलं तर पडद्यावर तिसरं प्रकरण, अख्खं, तळटिपांसकट.

"हे कुठून काढलं?" मी विचारलं.

"सीडीतून," ती म्हणाली. "माझ्या नावावर टिचकी मारली, पासवर्ड टाकला, सीडी घातली. उघडलं की."

शाळेत ती पुस्तकासारखं शुद्ध बोलते, घरात शिरड शहापूरचं. त्या दिवशी ती कशात बोलली हे माझ्या लक्षातही आलं नाही. आनंद व्हायला हवा होता, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. मला राग आला. आठ दिवस मी घासतोय आणि हिनं नुसती टिचकी मारली? असं होऊच शकत नाही, म्हणत मी तिला खुर्चीवरून उठवलं. ती उठली.

माझ्या खात्यातून तीच सीडी उघडली. परवानगी नाही. तिच्या खात्यातून उघडली. प्रकरण समोर. पुन्हा माझ्या. नाही. पुन्हा तिच्या. आहे. हळद तीच, कुंकू तेच. मग पहिल्यांदा मी त्या फाइलची माहिती उघडून वाचली, जी पहिल्या दिवशी वाचायला हवी होती. तिथं तीन ओळी होत्या, आणि भाषांतर अगदी अचूक होतं. मालक: तिथं बायकोचं नाव. मालक वाचू शकतो, लिहू शकतो. गट: काही नाही. इतर: काही नाही.

मी घाम पुसला आणि तिला समजावून सांगायला लागलो. खरं म्हणजे स्वतःलाच सांगत होतो. संगणक सीडीवर मालकाचं नाव लिहीत नाही, नंबर लिहितो. ज्याचं खातं आधी काढलं त्याला पहिला नंबर. जुन्या डिस्कवर पहिला मी होतो. नव्या डिस्कवर मी प्रयोग म्हणून तिला आधी घातलं, म्हणून पहिली ती झाली आणि मी दुसरा. सीडीवर लिहिलेलं एवढंच, की पहिल्या नंबरानं वाचावं, बाकी कुणीही वाचू नये. छोटा आर लिहिला असता तर ती कुणालाही वाचता आली असती. मोठ्या आरनं माझा सगळा बंदोबस्त जसाच्या तसा सीडीवर उतरवला होता.

तिनं ते शांतपणे ऐकलं. मग वाकून त्या तीन ओळी वाचल्या आणि विचारलं, "मंग तुमी यात कोण?"

"इतर," मी म्हणालो.

ती हसली नाही. "आनि जुन्या कम्पुटरमधी मी कोण व्हते?"

उत्तर एकच होतं.

"इतर."

"माझ्याच प्रबंधाला?"

"व्हय," मी म्हणालो. माझ्या तोंडून एकदम गावाकडचं निघालं.

त्या वेळी ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. चार महिने ती रोज संध्याकाळी माझा पेपर वाचून होण्याची वाट पाहत उभी राहायची, ते सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं आणि मला लाज वाटली.

"आठ दिस तुमी मला हळदीवरून बोलून राहिले," ती म्हणाली. "मी पन तेच खरं धरलं. रोज देवाम्होरं बसले की वाटायचं, आपल्याच हातानं घालवलं."

हे मला ठाऊक नव्हतं. ती गप्प आहे म्हणजे रागावली आहे, एवढंच मी समजत होतो. माफी मागायची आमच्या घरात पुरुषांना सवय नाही. फार झालं तर चहा करायचा आणि कप न बोलता पुढं सरकवायचा. पण चहानं भागण्यातली गोष्ट नव्हती. मी म्हणालो, "माझं चुकलं. हळदीचा काही दोष नव्हता. तुझाही नव्हता."

"बराबर," ती म्हणाली. "आता उठा. मला काम हाय."

पुढचे दोन दिवस तिचं काम चाललं. हातानं लिहिलेल्या दीड प्रकरणात नव्यानं सुचलेलं काही होतं, ते तिनं जुन्यात घातलं. मी शुद्धलेखन तपासायला मदत करतो म्हणालो. फायली तिच्या खात्यात, पासवर्ड तिनं आता बदललेला. त्यामुळे "लॉगिन करून दे" म्हणायची पाळी माझ्यावर आली. ती स्वयंपाकघरातून म्हणायची, थांबा, भात उतरवते. मी थांबायचो. भात उतरायला किती वेळ लागतो हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांनंतर तेव्हा कळलं. शेवटचं पान ऋणनिर्देशाचं, ते मात्र तिनं मला तपासायला दिलं नाही. म्हणाली, त्यात शुद्धलेखनाच्या चुका न्हाईत.

प्रबंध अकराव्या दिवशी नांदेडला पोचला. महिन्याभरानं बांधणीवाल्याकडून घरची प्रत आली, लाल रेक्झिनची, पाठीवर सोनेरी अक्षरांत तिचं नाव. तिनं ती टेबलावर ठेवली आणि चहा टाकायला आत गेली. मी आधी हात पुसले, मग प्रत उचलली आणि, खोटं कशाला बोलू, सरळ ऋणनिर्देशाचं पान काढलं. मार्गदर्शक बाई होत्या. शिरड शहापूरच्या बाया होत्या, त्यांनी शब्द दिले म्हणून. शाळेचे मुख्याध्यापक होते. गोरेगावच्या जीपचा चालक होता, तिला घेतल्याशिवाय तो गाडी काढायचा नाही म्हणून. बांधणीवालासुद्धा होता. मी नव्हतो. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. संगणक, सीडी, पती, असा कुठलाच शब्द नव्हता.

"मी कुठंच न्हाई का यात?" मी शेवटी विचारलं.

"हाव की," ती आतून म्हणाली. "शेवटची वळ वाचा."

शेवटची ओळ अशी होती: आणि इतर सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. 'इतर' या शब्दाखाली तिनं निळ्या पेनानं बारीक रेघ ओढली होती. रेघ घरच्या प्रतीतच होती, विद्यापीठाच्या प्रतींत नव्हती.